वेगळी चूल

कॉम्प्युटर कपाटाएवढे असायचे, तेव्हाची गोष्ट. एका दूधसंघाच्या कॉम्प्युटरात एक म्हातारा प्रोग्राम राहायचा आणि त्याच्याच घरात त्याचा धाकटा भाऊ, म्हशींच्या पेंडीचा हिशेब करणारा सबरूटीन. धाकटा सगळी कामं दादाच्याच, आकडे ठेवायच्या भांड्यांत करायचा. एकदा म्हशीच्या पेंडीचा आकडा त्याने भांड्यात तसाच सोडला आणि दादाने वॉचमनला चहाऐवजी पाच किलो पेंड पाठवली. वॉचमनने ती खाल्लीही.

"वेगळी चूल मांड," स्वतःच्या भांड्यांत हिशेब करणारी शेजारची प्रोसिजर म्हणाली. "दादाला उद्या बंद करणार आहेत. स्वतःची भांडी नसतील, तर तूही त्याच्याबरोबर जाशील."

"जाईन की!" धाकटा उसळला.

"गाढवा, म्हशी उपाशी मरतील," दादा म्हणाला.

धाकटा रडत वेगळा झाला. सकाळी दादाच्या जागी आलेल्या नव्या प्रोग्रामने दारातून आकडा दिला. धाकट्याने बरोबर उत्तर दिलं, पण तो दारातून हलेना.

"आता काय?" नव्याने विचारलं.

"दादासारखं थोडं ओरडता का?"