वरुणाचा आरसा आणि महर्षी दीर्घाक्ष

कृतयुगाचा उत्तरार्ध सुरू होता. पृथ्वी अजून तरुण होती, मनुष्यांचे बाहू आजच्याहून दीर्घ होते, आणि देवांनाही मनुष्यांचे खेळ पाहण्याची हौस होती. त्या काळी हिमवानाच्या पायथ्यापासून पश्चिम समुद्राच्या तीरापर्यंत मल्लविद्येची महापीठे नांदत होती, आणि त्यांच्याही खाली, गावोगावी आणि रानोरानी, लहान मुलांच्या मल्लशाळा होत्या. वसंतोत्सवात या बालशाळांच्या कुस्त्या होत. उत्सव आटोपला की वयात आलेला तरुण हातात समिधा घेऊन आपल्या मनाला येईल त्या महापीठाच्या दारी जाई आणि तिथल्या गुरूला शरण जाई. शिष्याने गुरू निवडावा, गुरूने शिष्य हेरू नये, असा त्या युगाचा दंडक होता.

या दंडकासाठी एक व्रत होते, त्याला पराङ्मुखव्रत म्हणत. वसंतोत्सव चालू असेपर्यंत महापीठांचे आचार्य आपापल्या अग्निशाळेत दाराकडे पाठ करून बसत. ज्यांच्या हुंकाराने पर्वत थरथरत असे महातपस्वी, बाहेर पोरांचा गलका ऐकू येत असताना, निमूटपणे भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. कान मात्र बहुतेकांचे दाराशीच असत. ऋषी झाले तरी शेवटी उस्तादच ते.

या सर्व आचार्यांत श्रेष्ठ होते महर्षी दीर्घाक्ष. प्रत्यक्ष मेरूपर्वताची सेवा करून त्यांनी त्याच्याकडून अचलविद्या मिळवली होती. ही विद्या जाणणाऱ्याने एकदा पाय रोवले की ऐरावताने सोंड लावली तरी तो तसूभरही हलत नसे, आणि त्याची पाठ मातीला लागणे त्रैलोक्यात कोणाच्याही हातून शक्य नव्हते. पण मेरूची अट अशी होती की ही विद्या एका गुरूने आयुष्यात एकाच शिष्याला द्यावी. दीर्घाक्षांनी सहस्रावधी मल्ल घडवले, मात्र या विद्येचा अधिकारी त्यांना अजून भेटला नव्हता. जटा पांढऱ्या झाल्या तशी त्यांची झोप उडाली. आपण गेलो की मेरूचे हे दानही आपल्याबरोबर जाणार, हा एकच विचार त्यांना आत कुरतडत होता.

तो अधिकारी कुठल्या रानात मोठा होतो आहे हे भिंतीकडे तोंड करून कसे कळणार? शेवटी महर्षी पश्चिम समुद्रात उतरले आणि गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी वरुणाची आराधना आरंभली. लाटा अंगावरून गेल्या, जटांमध्ये शिंपल्यांनी घर केले, परंतु अचलविद्येच्या त्या स्वामीला भरतीही ढकलू शकली नाही आणि ओहोटीही ओढू शकली नाही. अखेर मकरावर आरूढ झालेला, हातात पाश धारण करणारा, सत्य आणि असत्य यांचा साक्षी असा जलाधीश वरुण त्यांच्यासमोर प्रकट झाला.

"महर्षे, मी प्रसन्न आहे," वरुण म्हणाला. "वर माग. पण मागण्याआधी स्वतःच्या मनाचा तळ एकदा पाहून घे."

"हे जलेश्वरा," दीर्घाक्ष म्हणाले, "राजपुत्र हरला तरी भाट त्याची स्तुती गातात, आणि रानातल्या पोराने सिंहाला लोळवले तरी त्याच्या आईवाचून ते कोणाला ठाऊक होत नाही. किती बळ असे न पाहिलेलेच विझून जाते. जे मी पाहीन ते तिन्ही लोकांना दिसेल, असा आरसा मला दे."

"आणि पराङ्मुखव्रताचे काय?"

"एका गुरूने चोरून पाहून दुसऱ्यावर कुरघोडी करू नये, म्हणून ते व्रत आहे. सगळेच पाहू लागले, तर चोरी राहिली कुठे?"

वरुणाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मनातली ती एक शिष्याची आस महर्षींनी सांगितली नव्हती, आणि वरुणाने विचारली नाही. "तथास्तु," तो म्हणाला. "वेळ आली की याचा निवाडाही मीच करीन."

पुढच्या वसंतात जे घडले त्याचे वर्णन करताना पुराणिकांची वाणी आजही अडखळते. समुद्राचे बाष्प उठले, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरले आणि स्थिर झाले. निळे आकाश पाण्यासारखे पारदर्शक झाले आणि त्यात तांबड्या मातीचा एक आखाडा उमटला. नांगर थांबले. रथ वाटेत उभे राहिले. अमरावतीत अप्सरांचा नाच रंगात आला होता, तो अर्ध्यावर थांबला आणि थांबल्याचे देवांच्या लक्षातही आले नाही. गंधर्व, नाग, यक्ष, कुंभार, राजे, गुराखी, सगळ्यांनी एकाच वेळी मान वर केली. सृष्टी निर्माण झाल्यापासून सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

आपल्या आश्रमाच्या अंगणात, ध्वजस्तंभाखाली बसलेले दीर्घाक्ष स्वतः थक्क झाले होते. व्रताच्या जागी आता आरसा आला होता, तेव्हा इतर आचार्यही आनंदाने दाराबाहेर येऊन वर पाहत होते.

तो आखाडा सह्याद्रीच्या एका खोल दरीतला होता. कड्याला लोंबकळणारी मधाची पोळी काढून जगणाऱ्या लोकांची तिथे वस्ती होती, आणि त्यांच्यातला कुवलय नावाचा सोळा-सतरा वर्षांचा तरुण एका मांडलिक राजाच्या भाच्याशी लढायला उभा होता. राजाचा भाचा दुप्पट अंगाचा होता. त्याने कुवलयाला कवेत घेतले, उचलले, आणि आता हा आपटणार असे वाटत असतानाच कुवलयाच्या पायाची बोटे मातीला लागली. बस, तेवढेच त्याला पुरेसे होते. दोर धरून कड्यावर पाय रोवायची जन्मापासूनची सवय त्याच्या तळव्यांत होती. तो तसूभरही हलेना. मग राजाच्या भाच्याचाच तोल गेला, आणि तिन्ही लोकांच्या देखत तो उताणा पडला.

स्वर्गातून पुष्पवृष्टी झाली. दीर्घाक्षांची नजर आखाड्याच्या कडेला वळली, तशी तिथे उभी असलेली कुवलयाची आईही आकाशात दिसू लागली. एका हातात मधमाश्या उठवायचा पलिता, डोळे वर, आणि दुसरा हात आकाशातल्या आपल्या मुलाच्या खांद्यावरची माती झाडायला उचललेला. क्षणभराने आपणही दिसत आहोत हे तिला कळले आणि ती लाजून झाडाआड गेली. महर्षींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आपण मागितले ते योग्यच मागितले, असे त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटले. आणि त्याच क्षणी हेही कळले की ज्याची आपण आयुष्यभर वाट पाहिली, तो हाच.

परंतु कुवलयाला समिधा उचलण्यासाठी अजून एक वर्ष अवकाश होता, आणि त्या वर्षात पृथ्वीवर विलक्षण प्रकार सुरू झाला. उत्सव संपला तसे तरुणांचे लोंढेच्या लोंढे दीर्घाक्षांच्या आश्रमाकडे वळले. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसऱ्या महापीठांच्या आखाड्यांत गवत उगवले, कित्येक अग्निशाळा थंड पडल्या, आणि थोर थोर आचार्यांवर एकमेकांशीच कुस्ती खेळायची पाळी आली.

तेव्हा मौंजायन मुनी दीर्घाक्षांना भेटायला आले. हे वृद्ध आचार्य उत्थानविद्येचे स्वामी होते. पडलेल्या मल्लाने पुन्हा कसे उभे राहावे हे शिकवणारे त्यांचे एकच पीठ पृथ्वीवर होते. जिंकणे शिकवणारे पुष्कळ असताना पडल्यानंतरचे शिकायला कोण येणार? तरीही पूर्वी त्यांच्याकडे शिष्य येत. या वर्षी एकही आला नव्हता.

"मुनिवर, मी कुणाला बोलावले?" दीर्घाक्ष दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी दूत धाडले नाहीत, वस्त्रे वाटली नाहीत. मी फक्त दाखवले. माझ्यामुळे रानातली मुले जगाला दिसली, हा का माझा अपराध?"

"अपराध म्हणायला मी आलो नाही," मौंजायन म्हणाले. "मीही पाहिले, आणि त्या मधवाल्यांच्या पोराला पाहून माझ्याही अंगावर काटा आला. पण महर्षे, आज तुम्ही एकदा शांतपणे वर पाहा. कुस्ती पाहू नका, मुलांचे डोळे पाहा."

दीर्घाक्षांनी वर पाहिले. कुठल्याशा बालशाळेत सराव चालला होता. आखाड्यात उतरणारा प्रत्येक मुलगा आधी आपल्या गुरूच्या पायाशी वाकायचे सोडून मान वर करत होता. डाव टाकताना वर पाहत होता, पडल्यावर वर पाहत होता. आणि त्या विशाल आकाशाच्या एका कोपऱ्यात सतत काहीतरी फडफडत होते. तो दीर्घाक्षांच्या आश्रमाचा ध्वज होता. ते ध्वजस्तंभाखाली बसून पाहत, म्हणून त्यांच्या नजरेच्या कडेला जे येई तेही जगाला दिसत होते.

"गुरूने मुलाला पाहिले म्हणून फारसे बिघडत नसते," मौंजायन हळूच म्हणाले. "गुरू आपल्याला पाहतो आहे हे मुलाला कळले की तो स्वतः निवडायचा थांबतो. आपल्या पूर्वजांनी आपल्याला भिंतीकडे तोंड करून बसवले ते यासाठी. आणि दुसरे असे की तुमचे मन जिथे रमते तिथेच आरसा जातो. ज्या शाळेत तुम्हाला गोडी नाही, तिथली मुले आता जगात नसल्यासारखीच आहेत. पूर्वी कोणीच दिसत नव्हते, तेव्हा निदान सगळे सारखे तरी होते."

महर्षींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बराच वेळ ते त्या ध्वजाकडे पाहत राहिले आणि त्यांच्याबरोबर सगळे जगही त्याच ध्वजाकडे पाहत राहिले.

दोघे वृद्ध मिळून समुद्रतीरी गेले. त्यांनी हाक मारण्याआधीच पाणी दुभंगले आणि वरुण उभा राहिला. त्याच्या तेजाने लाटा जागच्या जागी गोठल्यासारख्या झाल्या, आणि वाळूवरचे खेकडेही आपल्या बिळांच्या तोंडाशी निश्चल थांबले.

"दीर्घाक्षा, तळ पाहिलास?" वरुणाने विचारले.

"पाहिला, देवा. मला जगाला दाखवायचे होते हे खरे. मला एकजण शोधायचा होता, हेही खरे. दुसरे मी तुझ्यापासून लपवले."

"तर माझा निवाडा ऐक. ज्याचे डोळे साऱ्या जगाचे डोळे झाले, त्याला स्वतःसाठी काही निवडता येणार नाही. आरसा ठेवायचा असेल, तर यापुढे तुझ्या दारी आलेली एकही समिधा तू स्वीकारू शकणार नाहीस. तुझा ध्वज उतरेल, आणि प्रत्येक शाळेला तू सारखा वेळ पाहशील, मग तिथे मन रमो वा न रमो. शिष्य ठेवायचे असतील, तर आरसा मी आत्ताच परत नेतो. यातले एक घे."

"आणि अचलविद्या?"

"ती तुझी आहे. तिचे काय करायचे ते तूच ठरव."

आता मौंजायन पुढे झाले. तक्रार घेऊन आलेला हा माणूस हात जोडून म्हणाला, "महर्षे, आरसा सोडा. त्या कुवलयाला शिष्य करा. मेरूची विद्या अशी बुडू देऊ नका. माझ्या पीठाचे मी बघेन काहीतरी."

दीर्घाक्षांनी डोळे मिटले. अचलविद्येचा तो स्वामी त्या दिवशी प्रथमच डळमळला. एका बाजूला आयुष्यभराची तपश्चर्या होती. दुसऱ्या बाजूला हातात पलिता घेऊन आकाशातल्या मुलाची माती झाडू पाहणारी ती बाई. अशा किती आया कुठल्या कुठल्या दऱ्यांत अजून उभ्या असतील, हे त्यांना माहीत नव्हते. माहीत नव्हते म्हणूनच ते म्हणाले, "देवा, आरसा राहू दे."

वर्ष सरले. वसंतोत्सवानंतर एका सकाळी कुवलय हातात समिधा घेऊन दीर्घाक्षांच्या दारी आला. आश्रम ओस पडला होता; ध्वजस्तंभ उघडा होता आणि त्याखाली म्हातारे महर्षी एकटेच बसले होते.

"भगवन्, मी आलो," तो म्हणाला. "समिधा घ्यावी."

"वत्सा, मी आता कोणाचा गुरू नाही."

"ते वाटेत ऐकले. तरी आलो. आपण मला पाहिलेत. त्याआधी मला कोणी पाहिले नव्हते."

"तुला सगळ्या जगाने पाहिले."

"आपल्यामुळे पाहिले," कुवलय म्हणाला, आणि समिधा पुढे केलेला हात त्याने मागे घेतला नाही.

महर्षींचा हात उचलला गेला. समिधेच्या सालीचा खडबडीतपणा त्यांच्या बोटांना जाणवला, इतका तो जवळ गेला होता. मग त्यांनी तो हात मागे ओढला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला.

"पूर्वेला मौंजायनांचा आश्रम आहे. तिथे जा."

"त्यांच्याकडे अचलविद्या आहे का?"

"नाही. ती फक्त माझ्याकडे आहे."

"म्हणजे मी कधीतरी पडेन," कुवलय म्हणाला.

"हो, वत्सा. पडशील." "उठायचे कसे ते मुनी शिकवतील. त्यांच्यापेक्षा ते चांगले कोणालाच येत नाही."

तरुणाने त्यांना साष्टांग नमस्कार केला, समिधा उचलली आणि तो पूर्वेच्या वाटेला लागला. महर्षींनी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिले नाही. वरुणाच्या आज्ञेप्रमाणे त्या वेळी पाळी आली होती ती दूरच्या एका वाळवंटातल्या शाळेची, आणि तिथे दोन किडकिडीत मुले एकमेकांचे मनगट धरून उभी होती. ते त्यांच्याकडे पाहू लागले, आणि तिन्ही लोकांनी त्यांच्याबरोबर ती मुले पाहिली.

पुढे दीर्घाक्षांनी देह ठेवला तेव्हा त्यांच्यामागे ना शिष्य होता, ना पीठ. गुरुपरंपरा म्हणताना प्रत्येक आचार्याच्या नावापुढे शिष्याचे नाव येते. यांच्या नावापुढे काही येत नाही, म्हणणारा तिथे क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. अचलविद्या त्याच दिवशी मेरूकडे परत गेली आणि पुन्हा कधी पृथ्वीवर आली नाही. मौंजायनांची विद्या मात्र कुवलयाने गावोगावी नेली. तेव्हापासून कितीही बलाढ्य मल्ल असो, राजाचा भाचा असो की मधवाल्याचा मुलगा, एक ना एक दिवस त्याची पाठ मातीला लागते, आणि माती झटकून त्याला पुन्हा उभे राहावे लागते.