मुके उंबरठे

एका राज्यात उंबरठे बोलत. खरंच बोलत, हसायचं काम नाही! घरचं माणूस परतलं की उंबरठा म्हणे, "आलास? ये." मगच माणूस आत पाऊल टाकी. एकमेकांना 'ये' म्हणायची तिथल्या लोकांना सवयच नव्हती.

त्या नगरात सगुणा विणकरणीच्या घरी तुंगा राहत होती. तान्ही असताना पुरात वाहत आलेली, सगुणेने पदरात घेतलेली. अठरा वर्षं ती त्या घरात जेवली, निजली, मागावर बसली. पण उंबरठा तिला एकदाही 'ये' म्हणाला नाही. रोज ती क्षणभर थांबे, कान देई आणि गुमान आत जाई. फार जीव तुटायचा हो तिचा!

एकदा काळभृंग मांत्रिक राजा सुमेरसेनाच्या दारी पाहुणा म्हणून आला. परका म्हणून उंबरठा गप्प. राजाही गप्प, कारण ते काम उंबरठ्याचं! मांत्रिक खवळला. राज्यातले सारे 'ये' त्याने एका हंड्यात कोंडले आणि हंडा घेऊन चालता झाला.

मग काय विचारता! मोठमोठे सरदार आपल्याच दाराबाहेर ताटकळू लागले. राजा अंगणात जेवू लागला.

राजाची साळुंकी मांत्रिकामागे उडत जाऊन आली आणि म्हणाली, "हंडा तीन दारांआड आहे. पहिलं पाण्याचं, दुसरं आगीचं, तिसरं धुक्याचं."

शूर वीर गेले आणि परत आले. म्हणाले, "दार 'ये' म्हणेना. जावं कसं?"

तुंगा पुढे झाली. "महाराज, मी जाते. न बोलावता आत शिरायची मला सवय आहे."

पाण्याच्या दारापाशी ती थांबली नाही. पाणी बाजूला सरलं. आगीच्या दारापाशी थांबली नाही, आग विझली. धुक्याच्या दारात मात्र पाय अडखळला, कारण आत काहीच दिसेना. तरी ती गेली.

आत मांत्रिक एकटाच हंड्याशी बसला होता. "तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. मला कधीच कोणी बोलावत नाही."

"मलाही," मांत्रिक हळूच म्हणाला. "हंडा हवा ना? आधी ऐक त्यात."

तिने हंड्याला कान लावला. राजाचा 'ये' होता, सरदारांचा होता, सगुणेचाही होता. तिचा नव्हता. तिला रडू कोसळलं.

"आता कशाला नेतेस?" मांत्रिकाने विचारलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "आई दाराबाहेर बसलीय, म्हणून. आणि तुम्हीही चला. पिठलं-भाकरीच आहे, पण मी बोलावते आहे."

मांत्रिक उठला. मग त्याने हंडा खांद्यावर घेतला.

वेशीत हंडा उघडला. घरोघरचे उंबरठे बोलू लागले आणि लोक धावत घरात शिरले. तुंगा आपल्या दारी आली, सवयीने थांबली. उंबरठा गप्पच होता.

आतून सगुणा धावत आली. तिचे हात सुताला लावायच्या खळीने माखलेले होते.

"तुंगे! बाहेर बसले तेव्हा कळलं गं, तू रोज इथे का थांबायचीस. चुकलं माझं. आलीस? ये, बाळ. आणि पाहुणे, तुम्हीही या."

तुंगा आत गेली. तिच्या पाठोपाठ वाकून मांत्रिकही आत गेला. चूल पेटली, तीन पानं मांडली. त्या राज्यात उंबरठे अजून बोलतात. पण त्यांच्याआधी घरची माणसं बोलतात.