ठकूबाईनं अडवलेला गाडा

तुमच्या पणज्याला दुधाचे दात येत होते ना, त्याच्याही आधीची गोष्ट. बोरखिंडीत ठकूबाई नावाची कासारीण होती. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती गावं हिंडायची. बांगडी भरायला बाईचा हात धरला, की तिचं तोंड सुरू. काय जेवलीस? कोण आलं होतं? पाणी कुठलं? एक हात भरेपर्यंत तिला अख्ख्या घराची कुंडली कळायची, असं म्हणतात. हसू नका, तुम्हीही सगळं ओकलं असतं.

एका साली पटकी आली. सकाळी नांगर धरलेला गडी जुलाब-उलट्यांनी संध्याकाळी चिपाड व्हायचा. डॉक्टर चौदा कोसांवर, आणि दवाखान्यात औषधापेक्षा रिकाम्या बाटल्याच जास्त. म्हणून गावोगाव जुनाच उपाय चालला होता. मरीआईच्या गाड्यात आजाऱ्यांचे कपडे घालायचे आणि गाडा वेशीपार ढकलायचा, म्हणजे दुखणं जातं. पुढच्या गावानं तो आपल्या विहिरीवर धुवायचा, निवद दाखवायचा आणि आपल्या आजाऱ्यांचे कपडे त्यात टाकून पुढं ढकलायचा. बोरखिंडीनंही गाडा धुतला होता. आता तो नांदुराला निघायचा होता, आणि नांदुरात ठकूची लेक सगुणा नऊ महिन्यांची पोटुशी.

गाडा आला त्या वाटेनं ठकू उलट दिशेला चालत सुटली. दारोदार एकच विचारणं, "आधी कोण पडलं? कधी?" एका दिवसात चारशे दारं केली, असं म्हणतात. तीन गावांत उत्तर एकच. विहिरीवर गाडा धुतला, आणि दोन-तीन दिवसांत पटकी. केळेवाडीत मात्र सगळे धडधाकट. तिथली माणसं इतकी आळशी, की त्यांनी गाडा धुतलाच नव्हता, तसाच पुढं रेटला होता!

ती परतली तेव्हा गाडा वेशीवर उभा. ठकू सरळ वर चढून बसली.

"उतर गं खाली!" दौलू पाटील ओरडला. "आईचा गाडा हाय त्यो!"

"मग ढकला की. मीबी जाते लेकीकडं."

बारा गडी लागले, चाक हललं नाही. आठ बैल जुंपले, तर बैलच खाली बसले, असं म्हणतात.

"काय पायजे तुला, ठके?"

"मला न्हाई, आईला. दमलीया ती. म्हणती, हे कपडे जाळा, आणि माझ्या लेकरांनी चाळीस दिवस उकळलेलंच पाणी प्यायचं. न्हाईतर मी पाटलाच्या ओसरीवर मुक्कामाला येते."

ओसरीचं नाव निघताच पाटलानं स्वतः गुऱ्हाळातली गुळाची काहील, ती अवाढव्य कढई, ओढत आणली. कपडे जळले, पाणी उकळलं. नवव्या दिवसापासून गावात नवा आजारी नाही. नांदुराला तर पटकी पोचलीच नाही. सगुणाला मुलगी झाली, तिनं मूठ अशी आवळली की आजीला बांगडी चढवता येईना.

"आये, मरीआई खरंच बोलली व्हय गं?" सगुणानं विचारलं.

"सगळ्यांना विचारलं बघ," ठकू म्हणाली, "तिला तेवढं विचारायचं राहिलं."

गाडा अजून वेशीवरच आहे, चाकं काढलेला. आषाढात तिथं ठकूबाईच्या नावानं काहील चढते. सरपण नांदूरकर आणतात. पहिला तांब्या पोटुशीचा, मग गावाचा. आणि शेवटी काहील घासायचा मान, पिढ्यान्‌पिढ्या, पाटलाच्या घराचा.