तंबूकडे न गेलेले दोघे

“म्हणजे आता ती वाचणार... आणि मी खाली बसून ऐकायचं?”

सिप्रियन सरांनी हे विचारलं ते दारातूनच. एक चप्पल अजून पायात होती, दुसरी पायरीवर उलटी पडली होती.

थोरले फादर खिडकीपाशी बसून कुणाची तरी तुटलेली जपमाळ जोडत होते. वय शहाऐंशी. निवृत्त होऊन चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायचे. वसईकडच्या त्या गावात तरुण फादर जॉयल आले, तेव्हापासून हे थोरले फादर झाले. हातात छोटी पक्कड, मांडीवर मणी. गावातली तुटकी जपमाळ शेवटी इथंच यायची.

“बावीस वर्षं तू वाचत होतास, सिपरू,” ते मान वर न करता म्हणाले. “आम्ही खाली बसूनच ऐकत होतो. फार काही वाईट नसतं.”

त्रेसष्ट वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापकाला ‘सिपरू’ म्हणणारा आता जगात हा एकच माणूस उरला होता. सरांना लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी प्रार्थना शिकवल्या त्या यांनीच. त्यामुळे रागवायची सोय नव्हती.

पण राग होताच. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आणि का जाऊ नये? रविवारची चर्चमधली सातची मिस्सा आणि तिच्यातलं बायबलचं पहिलं वाचन सिप्रियन मच्याडोचं, हे गावात ठरूनच गेलं होतं. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत जायचा. वाचन संपलं की दोन क्षण थांबायचं, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, “ही प्रभूची वाणी.” मग सगळं चर्च एका सुरात म्हणायचं, “देवाला धन्यवाद.” तेवढ्यात सर पायऱ्या उतरत असायचे. हा सूर आपल्यालाच मिळालेली दाद आहे, असं त्यांना वाटायचं. कबूल कोण करतो म्हणा!

दुसरं वाचन दुसरं कुणीतरी करायचं. ते चालू असताना, आणि संपल्यावरही, सर त्याच्या चुका बोटांवर मोजत बसत.

या रविवारी चर्चला सव्वाशे वर्षं होत होती. बिशप येणार होते. आणि फादर जॉयलनी सांगून टाकलं, पहिलं वाचन कातरीन करेल.

कातरीन! बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी कातरीन. दोन वर्षांपूर्वी जिला आपलं नाव लिहिता येत नव्हतं ती.

“तिला अक्षर कुणी शिकवलं?” सर आत येऊन खुर्चीत धपकन बसले. “मी! माझ्याच ओट्यावर, दर शनिवारी. चौपन्न वर्षांची बाई, ‘क’ काढताना जीभ बाहेर काढायची. मी हात धरून गिरवून घेतलं. आणि आज माझ्याच तोंडचा घास...”

“छान शिकवलंस,” फादर म्हणाले.

“फादर!”

“बरं, बरं. बोल.”

सर बोलले. किती दिवसांचं साचलेलं होतं.

दर गुरुवारी वाडीत कुणाच्या तरी घरी शेजारी जमत. येत्या रविवारची वाचनं आधी वाचायची आणि मग ज्यानं त्यानं सांगायचं, आपल्या जगण्यात याचं काय करायचं. सर तयारी करून जात. नकाशा, सनावळ्या, त्या काळच्या चालीरीती, सगळं. अर्धा तास बोलत. लोक माना डोलवत, एखादा जांभईही देई.

आणि मग उपवासकाळातल्या एका गुरुवारी कातरीन बोलली होती.

त्या दिवशीचं वचन असं होतं, की वेदीवर दान ठेवताना आठवलं की आपल्या भावाचं आपल्याविषयी काही मनात आहे, तर दान तिथंच राहू दे, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. सरांनी यरुशलेमच्या मंदिरातली वेदी किती हात उंच होती ते सांगितलं. कातरीन म्हणाली, “माझी नणंद अकरा वर्षं बोलत नाही. विहिरीच्या पाण्यावरून झालं. मी सकाळी मेथीची जुडी घेऊन गेले. तिनं दार उघडलं नाही. जुडी कडीला अडकवून आले. उद्या परत जाईन.”

झालं. एवढंच. पण शेजारच्या रेमेत मावशीनं पदर डोळ्याला लावला. वेदीची उंची कुणाच्या लक्षात राहिली असेल तर शपथ!

“पुढं काय झालं?” फादरांनी विचारलं.

“कशाचं?”

“नणंदेचं.”

सरांना ते माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. ते चिडून म्हणाले, “ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे आहे, की बिशपांसमोर ती अडखळणार. नावं चुकणार. देवाच्या वचनाचा मान जाणार. मला माझ्यासाठी काही नको...”

फादरांनी एक मणी तारेत ओवला.

“...पण तुमचा शब्द फादर जॉयल मोडणार नाहीत. तुम्ही सांगा त्यांना. तिला थांबवा.”

फादरांनी तार वळवली. जास्तीचं टोक पक्कडीनं कापलं.

“वाचन कुठलं आहे रविवारी?”

“गणनेचं पुस्तक. अध्याय अकरावा.”

“कागद आणलायस?”

सरांच्या खिशात कागद नाही असं कधी झालंय? त्यांनी चौघडी उलगडली. ओळींवर पेन्सिलच्या खुणा होत्या. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबायचं. महिन्यापूर्वीच करून ठेवल्या होत्या, हे वाचन आपलंच म्हणून.

“वाच मला. डोळे गेलेत आता.”

सर उभे राहिले. दोन खोल्यांच्या घरातही ते उभे राहूनच वाचत.

मोशेनं सत्तर वडीलधाऱ्यांना देवाच्या तंबूपाशी जमवलं, देवाचा आत्मा त्यांच्यावर उतरला आणि ते देवाचं बोलू लागले. पण दोघं जण, एलदाद आणि मेदाद, तंबूकडे गेलेच नाहीत. मागं छावणीतच राहिले. आणि आत्मा त्यांच्यावरही उतरला. तेही बोलू लागले. कुणीतरी धावत येऊन चुगली केली. तेव्हा लहानपणापासून मोशेची सेवा करणारा यहोशवा पुढं झाला...

“‘माझ्या स्वामी, त्यांना थांबवा!’” सरांनी वाचलं.

“परत,” फादर म्हणाले.

“पहिल्यापासून?”

“नाही. यहोशवाचं तेवढं.”

“‘माझ्या स्वामी, त्यांना थांबवा!’”

“वा,” फादर म्हणाले. “बावीस वर्षं ऐकतोय तुला. वाचतोस छानच. पण हे एक वाक्य तू वाचत नाहीस, सिपरू... हे तू बोलतोस. परत.”

सरांना आधी बरं वाटलं. माणूसच तो. छाती भरून त्यांनी तोंड उघडलं.

“‘माझ्या स्वामी, त्यांना...’”

आणि आवाज तिथंच राहिला.

आत्ता, घटकाभरापूर्वी, याच खुर्चीत बसून आपण काय म्हणालो होतो, ते त्यांना ऐकू आलं. तोच सूर होता. ‘थांबवा’ हा शब्दही तोच.

सर हळूच खाली बसले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“पुढचं वाक्य कुणाचं?” फादरांनी विचारलं.

“मोशेचं.”

“काय म्हणतो तो?”

सरांनी कागदाकडे पाहिलं. मोशे म्हणतो, तुला माझ्यासाठी हेवा वाटतो का? सगळीच माणसं देवाचं बोलती तर किती बरं होतं! अक्षरं स्पष्ट होती, पेन्सिलच्या खुणाही होत्या. पण वाचवेना.

“मी... नंतर वाचतो.”

“चालेल,” फादर म्हणाले, आणि पडलेला एक मणी पायानं चाचपू लागले.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. “फादर, आहात का? लाल माठ आणलाय.”

आवाज ओळखून सर उठलेच. पण त्या घराला दार एकच होतं.

कातरीन आत आली. काखेत रिकामी पाटी, हातात माठाची जुडी, पदराच्या टोकाला गुंडाळलेला एक कागद. सरांना पाहून तिचा चेहरा असा उजळला, की सरांना तिचा आणखीच राग आला.

“अगो बाय! सर इथंच? तुमच्या घरी जाऊन आले मी. बाई म्हणाल्या, रागात कुठंतरी गेलेत.” ती खाली जमिनीवर बसली आणि कागद उलगडला. “सर, हे दोघे बघा हो. यांच्यावर माझी जीभ घसरते. एल... एदला...”

“एलदाद,” सर कोरडेपणानं म्हणाले.

“तेच ते. आणि त्याचा सोबती.” ती जरा थांबली. “फादर, एक विचारू? हे दोघं गेले का नाहीत तंबूकडे? यादीत नावं होती म्हणतात. मग राहिले का मागं?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, जनावरांना पाणी पाजायचं राहिलं असेल. नाहीतर घरात कुणी आजारी. काहीतरी काम असणारच. रिकामं कोण बसतं? आणि देवाला ते कळलं असेल. म्हणाला असेल, हे येत नाहीत तर मीच जातो.”

थोरले फादर हसले. पोट हलेपर्यंत हसले. मांडीवरचे सगळे मणी जमिनीवर विखुरले.

सर हसले नाहीत. ते जळले. सरळ सांगायचं तर जळून खाक झाले. हे वाचन त्यांनी आयुष्यात किती वेळा वाचलं असेल, पण ते दोघं मागं का राहिले, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. आणि हिला पडला. वर उत्तरही मिळालं.

कातरीन गुडघ्यांवर सरकत मणी वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, “सर, खरं सांगू का? माझ्याच्यानं नाही व्हायचं. रात्री झोप लागत नाही. बिशप काय, एवढी माणसं काय... तुम्हीच वाचा. मी फादर जॉयलना सांगते, घसा बसलाय माझा. तेवढं खोटं देव माफ करील.”



हेच तर हवं होतं. ताटात वाढून आलं होतं. कुणाला सांगायला नको, कुणाचा शब्द खर्चायला नको, आपलं नाव वाईट व्हायला नको. नुसतं ‘बरं’ म्हणायचं. दोन अक्षरं.

सरांनी फादरांकडे पाहिलं. फादर तारेचं टोक उजेडाकडे धरून बघत होते, जणू जगात तेवढं एकच काम शिल्लक होतं.

‘बरं’ सरांच्या ओठांवर आलंही.

“कातरीन,” ते म्हणाले, “नणंदेनं दार उघडलं का गो शेवटी?”

तिनं मान वर केली. डोळे मोठे झाले. सरांनी याआधी कधी तिला तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

“नाही हो, सर. पण तिसऱ्या खेपेला जुडी आत घेतली. आता दर बुधवारी कडीला रिकामी पिशवी लावलेली असते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हेवा होताच. गेला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही.

“घसा ठणठणीत आहे तुझा,” ते खेकसले. “एल-दाद. म्हण.”

“एल-दाद.”

“मे-दाद.”

“मे-दाद. सर, पण...”

“पण नाही, बिण नाही. उभी राहा. वाचन उभं राहून करतात. पाटी ठेव खाली.”

ती उभी राहिली. सरांनी आपला खुणांचा कागद तिच्यापुढं धरला. तिनं तो निरखून पाहिला.

“या रेघा कसल्या?”

“श्वास कुठं घ्यायचा त्याच्या.”

“अय्या! तो तर आपोआप येतो.”

सर काहीतरी तिखट बोलणार होते, पण त्यांनी गिळलं. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. “मग तुझ्याच कागदावरून वाच,” ते म्हणाले.

तिनं वाचलं. तीनदा अडखळली. ‘सत्तर’वर थांबली, ‘छावणी’वर मागं गेली. यहोशवाचं वाक्य तर इतकं हळू वाचलं, की त्या यहोशवाची कीव यावी. सर बोटांवर मोजायला लागले होते. दुसऱ्या बोटावर आल्यावर त्यांनी मूठ मिटली.

वाचून झाल्यावर ती माठ चुलीपाशी ठेवून, पाटी उचलून गेली. “उद्या पहाटे येते हो, सर, ओट्यावर,” असं अंगणातून ओरडून सांगितलं.

सरांना पायरीवरची उलटी चप्पल दिसत होती.

“मला अजून जळजळतंय, फादर,” ते शेवटी म्हणाले. “खोटं कशाला बोलू?”

“हं.”

“रविवारी ती वर उभी असणार. बिशप असणार. सगळं गाव असणार. आणि मी... बाकावर. हातात कागद नाही, काही नाही.” त्यांचा आवाज लहान झाला. “मी काय करायचं तिथं?”

फादरांनी शेवटची कडी दाबून बंद केली. जोडलेली जपमाळ दोन बोटांनी ओढून पाहिली. टिकली. ती त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

“तिचं वाचन संपलं की तुझ्या वाट्याला दोन शब्द आहेत, सिपरू. ‘देवाला धन्यवाद.’ बावीस वर्षांत तू ते एकदाही म्हटलेले नाहीस... आजपासून तालीम कर.”