सरनोबतांच्या जीपमधली दोन बटणं

"गाडी एकच, गाणं एकच! पण पुढच्या सीटवर मला ढोल छातीत दणकला पाहिजे, आणि मागच्या सीटवर आईसाहेबांना कुणी कानाशी अंगाई म्हणतंय असं वाटलं पाहिजे. आहे हिंमत?"

असा हुकूम सोडून भाऊसाहेब सरनोबतांनी आपली नवीकोरी जीप हौसाच्या टपरीसमोर उभी केली. कासारशिंग्यात भाऊसाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! तालुक्याहून आलेले दोन कारागीर आधीच हात टेकून गेले होते. आवाज वाढवावा, तर मागून आईसाहेब ओरडायच्या, "अरे मेल्या, माझी कवळी हलते!" कमी करावा, तर पुढून भाऊसाहेब गरजायचे, "हे गाणं आहे की डासाची गुणगुण?" मग मायलेकांची अशी जुंपायची, की कारागीर हत्यारं तिथंच टाकून पळ काढायचा!

हौसा गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायची. वडिलांच्या मागे टपरी तिनंच सांभाळली होती. टपरी तिची, पण खालची जागा सरनोबतांची.

"आणि नाही जमलं तर, सरकार?" तिनं विचारलं.

"तर टपरी उचलायची! त्या जागेवर मी माझ्या शर्यतीच्या बैलाचा पुतळा उभारीन."

"आणि जमलं तर?"

"जागा तुझी! पण जमायचं नाही." भाऊसाहेबांनी मिशीला पीळ भरला.

हौसानं पदर खोचला. सीटखाली ॲम्प्लिफायर बसवला, मागे बूफरचा मोठा स्पीकर ठेवला. गाणं लावून आवाज हळूहळू चढवत नेला. गाणारीचा गळा फाटतोय असं वाटलं, तसा ॲम्प्लिफायरचा पेच चिमूटभर मागं घेतला. जाड आवाज बूफरकडं धाडला, बारीक आवाज दारातल्या छोट्या स्पीकरांकडं. दारं खडखडायला लागली, तेव्हा जुनं घोंगडं कापून त्यांच्या पोटात चिकटवलं. शेवटी गाणं असं स्वच्छ वाजू लागलं, की समोरच्या भजीवाल्याचा झारा तालावर हलायला लागला आणि दोन भजी कढईबाहेर पडली!

पण हौसाच्या मनाला चैन पडेना. आवाज लागला, माणसं कशी लावायची? आता आपल्या जागी बैल उभा राहणार!

तिनं मायलेकांना गाडीत बसवलं. "जरा ऐकून सांगा," म्हणत ती टेपकडं वाकली. बोट बटणापाशी पोचलंसुद्धा नव्हतं, तोच मागून आवाज आला, "कमी कर गं!"

"काय कमी कर? आणखी वाढव!" पुढून डरकाळी फुटली.

हौसा टेपकडं बघतच राहिली. टेप बंद होता! तिनं ओठ घट्ट मिटून हसू कसंबसं आत ढकललं.

"सरकार, संध्याकाळपर्यंत मुदत द्या. काम फत्ते!"

संध्याकाळी जीपमध्ये पितळेची दोन झगझगीत बटणं बसली होती. लाडवाएवढी मोठी! एक भाऊसाहेबांच्या हाताशी, एक आईसाहेबांच्या.

"पुढचं बटण सरकारांचं, मागचं आईसाहेबांचं," हौसा म्हणाली. "ज्याचा आवाज त्याच्या हाती. फक्त एकमेकांच्या बटणाला हात लावायचा नाही!"

जीप निघाली. भाऊसाहेबांनी बटण उजवीकडं पिळलं. "हां! आता दणकला बघा ढोल!"

आईसाहेबांनी आपलं बटण डावीकडं फिरवलं. "अगं बाई! कसं लोण्यासारखं मऊ झालं!"

जीपनं गावाला फेरी मारली, मग आणखी एक मारली. भांडण नाही, तंटा नाही! पुढं भाऊसाहेब खांदे उडवतायत, मागं आईसाहेब डोळे मिटून डुलतायत. पारावरची माणसं उठून बघायला लागली.

टपरीपाशी येताच भाऊसाहेबांनी खाली उडीच मारली. "हौसे, जिंकलीस! पण एका गाडीत दोन आवाज केलेस तरी कसे?"

"खरं सांगितलं तर रागावणार नाही ना, सरकार?"

"नाही रागावत! बोल!"

हौसानं पुढचं बटण धरून ओढलं. ते हलणाऱ्या दातासारखं अलगद हातात आलं. मागं एक खिळा होता, बस्स! वायर नाही, काही नाही.

"म्हणजे... मी फिरवत होतो ते?"

"नुसतंच फिरत होतं, सरकार."

"आणि माझं?" आईसाहेबांनी विचारलं.

"तेही त्याचंच भावंड!"

"मग आवाज?"

"एकच. सकाळी लावला तोच."

भाऊसाहेबांच्या भुवया कपाळावर चढल्या. "मला फसवलंस?"

हौसाची छाती बूफरसारखी धडधडत होती, पण जीभ काही अडखळली नाही. "छे, सरकार! आवाजाचं काम ॲम्प्लिफायरनं चोख केलंय. पण तुम्हा दोघांना आवाज कुठं हवा होता? हुकूम चालायला हवा होता. आणि हुकमाला वायर लागत नाही!"

मग मागच्या सीटवर खुदकन आवाज झाला. आईसाहेब हसत होत्या! ते पाहून भाऊसाहेबांचा असा काही स्फोट झाला, की पारावरची कबुतरं भुर्रकन उडाली. हसता हसता ते बॉनेटवर आडवेच झाले.

"अगं, असली बटणं मला ग्रामपंचायतीत बसवून दे! एकेका मेंबरापुढं एकेक! फिरवत बसतील बिचारे!"

त्यांनी तिथल्या तिथं कारभाऱ्याला हाक मारली. "टपरीखालची जागा हौसाच्या नावावर करा! आणि माझ्या झाडून सगळ्या ट्रॅक्टरांना हाच टेप बसवणार!"

हौसानं वाकून नमस्कार केला आणि मागचं बटण काढायला हात घातला. आईसाहेबांनी तो हात झटकन बाजूला सारला.

"ते राहू दे गं," त्या बटण कुरवाळत म्हणाल्या. "मला अजून थोडा कमी करायचाय!"