सारजेचा उंबरा

खडकाईच्या दर्शनाला आलात ना? मग आधी हे टेकाड चढायचं. वर एक दगडी उंबरा तेवढा उरलाय. भिंती नाहीत, छप्पर नाही. त्याच्यापुढे उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि मगच खाली देवीकडे जायचं. आमच्या देवीला शेंदूर नाही, नुसता काळा दगड आणि चांदीचे डोळे. त्याचं कारणही हा उंबराच.

सांगतात की, हे डोळे पार पूर्वीपासूनचे. पूजाअर्चा सारजा गुरवीण बघायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती हाच तिचा संसार. एका वर्षी पीक उदंड आलं. नवस फेडायला जत्रेच्या आदल्या दिवशी घरोघरच्या माणसांनी देवीला तेलात कालवलेला शेंदूर थापला. ज्याची भक्ती मोठी, त्याची मूठ मोठी. सकाळी बघतात तर देवीला डोळेच नाहीत.

सारजा म्हणाली, “शेंदराखाली असत्याल. खरवडून बघा की.”

झालं! देवीच्या अंगाला नख लावायला सांगते म्हणून गाव खवळलं. कोणी तिच्या पदराला गाठ पाहिली होती म्हणे, कोणी तिच्या घरात ठोकाठोकी ऐकली होती. दुपारपर्यंत काहीच न पाहिलेला माणूस गावात औषधाला उरला नाही. तिचं घर उपसलं, चूल फोडली. काही सापडलं नाही, तर म्हणाले बाई भारी चलाख आहे. आणि तिला वेशीबाहेर काढली.

सारजेनं इथं, या टेकाडावर खोपी बांधली, एक शेळी पाळली. बारा वर्षं तिला कोणी नावानं हाक मारली नाही. खाली जत्रेचे ढोल वाजायचे, ती उंबऱ्यात बसून ऐकायची. शेवटी शेवटी शेळीशीच बोलायची म्हणे. मला या गोष्टीत सगळ्यात वाईट तेच वाटतं.

बाराव्या वर्षी शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. आत दोन्ही डोळे जागच्या जागी होते.

सगळं गाव टेकाड चढून आलं. पाटील म्हणाला, “सारजाबाई, गावाचं चुकलं. खाली चला.”

“गावाला मी कुठं वळखते?” ती म्हणाली. “मला एकेकाचा आवाज याद हाय. कोण काय बोललं, ते ज्यानं त्यानं म्होरं येऊन सांगा. मग येते.”

एवढीच अट. पण जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला. दिवस कलेपर्यंत ती वाट बघत बसली, मग आत गेली. दुसऱ्या दिवशी चौघे धीर करून आले, तेव्हा चूल थंड होती आणि खुंट्याला शेळी नव्हती. ती कुठं गेली, कोणालाच कळलं नाही.

तेव्हापासून देवीचा शेंदूर बंद झाला. आजही जत्रेला प्रत्येक घरचा माणूस आधी इथं येतो आणि आपलं घर काय बोललं होतं ते मोठ्यानं सांगतो. तुम्ही पाहुणे, तुम्ही नुसतं नाव सांगा. मी संतू गव्हाळे. ठोकाठोकी ऐकली म्हणणारा माझा खापरपणजोबा. त्यानं काही ऐकलं नव्हतं.

सांगून झालं की आम्ही घटकाभर थांबतो. आतून कोणी ‘येते’ म्हणत नाही. मग खाली उतरतो.