चुंदीच्या दारावर ट्रकचं चाक

यल्लाप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात, भिंतीच्या कडेला, एक बीळ होतं. बिळात राहायची चुंदी चिचुंद्री. अंग एवढंसं. डोळे मिणमिणते. पण नाक? नाक लांबलचक आणि भारी हुशार.

एका सकाळी चुंदी शेंगदाणा आणायला गेली. लुटूलुटू गेली, लुटूलुटू आली. बघते तर काय, दारच नाही. दाराला टेकून उभं होतं एक भलंमोठं चाक. डिझेलच्या म्हाताऱ्या ट्रकचं चाक.

आतून पिल्लू म्हणालं, "आई, दार उघड ना."

"उघडते हं, सोन्या," चुंदी म्हणाली. तिने शेंगदाणा भिंतीशी ठेवला आणि चाकाकडे वळली.

"चाकदादा, चाकदादा, हल ना जरा.
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

चाक म्हणालं, "मी नाही हलत. इंजिन फिरेल, तर मी हलेन."

लुटूलुटू, लुटूलुटू. चुंदी गेली इंजिनाकडे.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, फिरा ना जरा.
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

इंजिन खोकलं. खॉक, खॉक. "मी नाही फिरत. अंग तापलंय माझं. रेडिएटर पाणी पाजेल, तर मी फिरेन."

ट्रकच्या तोंडाशी बसला होता रेडिएटर. इंजिनाला पाणी पाजायचं, हे त्याचं काम. लुटूलुटू, लुटूलुटू. चुंदी गेली रेडिएटरकडे.

"रेडिएटरभाऊ, रेडिएटरभाऊ, पाजा ना जरा.
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

रेडिएटर म्हणाला, "मी नाही पाजत. पाजू कुठून? भरलं की गळतं, भरलं की गळतं. पाना पाईप आवळेल, तर मी पाजेन."

लुटूलुटू, लुटूलुटू. चुंदी गेली पान्याकडे. पाना पेटीत लोळत पडला होता.

"पानेराव, पानेराव, आवळा ना जरा.
रेडिएटर पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

पाना म्हणाला, "मी नाही आवळत. मला काय हात आहेत, का पाय आहेत? मिस्त्री उठतील, तर मी आवळेन."

लुटूलुटू, लुटूलुटू. चुंदी गेली मिस्त्रींकडे. मिस्त्री बशीतून चहा पीत होते. फुर्रर्र.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, उठा ना जरा.
पाना आवळेना,
रेडिएटर पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

मिस्त्री म्हणाले, "मी नाही उठत. पाईप इथं ढीगभर. आवळू कुठला? थेंब पडतो एकीकडे, गळतं भलतीकडे. उगाच दिसेल ते आवळत बसायचं, ही आपली रीत नाही. ड्रायव्हर जागा दाखवेल, तर मी उठेन."

लुटू... लुटू... चुंदी दमली होती. तिचं नाक खाली गेलं होतं. तरी ती गेली दस्तगीर ड्रायव्हरकडे.

"ड्रायव्हरकाका, ड्रायव्हरकाका, दाखवा ना जरा.
मिस्त्री उठेनात,
पाना आवळेना,
रेडिएटर पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लू माझं आत."

दस्तगीरकाका म्हणाले, "मी काय दाखवू, बाई? मलाच दिसेना. चार कळशा पाणी ओतलं. मग आम्ही ड्रायव्हर लोक करतो तेच केलं. मूठभर हळद टाकली रेडिएटरात. बारकं भोक असेल तर बुजतं हळदीनं. पण आज काही बुजेना."

"हळद?" चुंदी म्हणाली. आणि तिचं नाक वर झालं.

आता पुढे कुणाकडे जायचं? कुणाकडेच नाही. चुंदी शिरली थेट ट्रकखाली.

टिप... टिप... थेंब पडत होता. चुंदीने हुंगलं. हुंग, हुंग. डिझेलचा वास आला. ऑइलचा वास आला. आणि मधेच, बारीकसा, हळदीचा वास आला.

वास वर गेला, चुंदी वर गेली. वास मागे वळला, चुंदी मागे वळली. हुंग, हुंग, हुंग. इंजिनाच्या पाठीशी, अंधाऱ्या कोपऱ्यात, होता एक बारका पाईप. चुंदीने नाक टेकवलं. टिप.

"इथं," चुंदी म्हणाली. "चुक चुक, इथं."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. वाकून बॅटरी मारली. "बघा," ते म्हणाले, "मी पुढे शोधत होतो, आणि गळतंय मागे. शाबास, चुंदाबाई."

मग काय झालं?

मिस्त्री उठले. पान्याने पाईप आवळला, करकच्च. टिप... टिप... थांबलं. दस्तगीरकाकांनी पाणी ओतलं. रेडिएटरने पाणी पाजलं, गट गट गट. इंजिन फिरलं, ढग ढग ढग.

"सावकाश घ्या हं," मिस्त्री म्हणाले, "दारात लेकरू आहे."

चाक हललं, हळू, हळू, हळू. आणि दार उघडलं. पिल्लू बाहेर आलं, टुणकन.

चुंदीने पिल्लाला पोटाशी घेतलं. शेंगदाणा सोलला. अर्धा पिल्लाला, अर्धा स्वतःला.

पिल्लू टकामका बघत होतं. "आई, तुझं नाक पिवळं. तू नवरी झालीस?"

"नाही रे," चुंदी म्हणाली, "दार उघडत होते." आणि तिने नाकाला नाक घासलं.

मग पिल्लाचंही नाक पिवळं झालं.